आधी घर, मग बाकीचं

(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात सोसायटीच्या गच्चीवर केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याच्या ओघात राहून गेलेले काही आकडे लिहून काढताना घातले आहेत.)



महिन्यापूर्वी सचिवांनी मला बोलायला सांगितलं तेव्हा विषयही दिला होता, 'ज्येष्ठांसाठी सुरक्षित गुंतवणूक'. पस्तीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाला दुसरा कुठला विषय देणार? मी होही म्हटलं होतं. त्या विषयावर माझं म्हणणं एका वाक्यात संपतं. जो दोन टक्के जास्त व्याज देतो म्हणतो, त्याला आधी विचारा की तो ते आणणार कुठून. झालं. उरलेली वीस-पंचवीस मिनिटं मी वेगळ्या विषयासाठी वापरणार आहे आणि सचिवांनी त्याला मोठ्या मनाने परवानगी दिली आहे.

विषय तुम्हाला ठाऊक आहे. गेले तीन आठवडे आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दुसरं काही चाललेलंच नाही. बी विंगमधले आपले एक जुने सभासद मुलाकडे पुण्याला कायमचे राहायला गेले. त्यांना आपला फ्लॅट एका संस्थेला भाड्याने द्यायचा आहे. संस्था तिथे चार बायकांना ठेवणार, त्यांच्या सोबतीला एक मदतनीस बाई. या चौघी एकेकाळी रस्त्यावर होत्या. नंतर मनोरुग्णालयात उपचार झाले, बऱ्या झाल्या, पण न्यायला कोणी आलं नाही. वय पंचेचाळीस ते साठच्या दरम्यान. एवढी माहिती ग्रुपवर आली आणि मग जे झालं ते झालं. कोणी काय लिहिलं ते मी इथे उगाळणार नाही. घाबरून लिहिलेलं असतं, माणूस वाईट नसतो.

पण मी निवृत्त माणूस, वेळ भरपूर. कर्जाचा अर्ज आला की आम्ही आधी त्याचा अभ्यास करायचो, मग मत द्यायचो. तसा मी या विषयाचा थोडा अभ्यास केला. तो तुमच्यासमोर ठेवतो.

सुरुवात आपल्याच जिन्यापासून करू. ए विंगच्या जिन्याखाली, मीटर रूमच्या बाजूला, आपले जुने वॉचमनमामा झोपायचे. तिथे त्यांची पत्र्याची पेटी, एक स्टोव्ह आणि खिळ्याला टांगलेला आरसा होता. अकरा वर्षं ते तिथे होते. गावाकडचं घर पडलेलं, बायको गेलेली. आपल्यापैकी कोणालाही विचारलं असतं की मामा कुठे राहतात, तर आपण म्हटलं असतं, इथेच, आपल्याकडे. आता जनगणनेची व्याख्या बघा. २०११ च्या जनगणनेत बेघरांची मोजणी २८ फेब्रुवारीच्या रात्री झाली. रस्त्याकडेला, फुटपाथवर, मोठ्या पाइपांमध्ये, उड्डाणपुलाखाली, देवळाच्या आवारात, रेल्वेच्या फलाटावर आणि जिन्याखाली राहणारे ते बेघर. जिन्याखाली हा शब्द त्या व्याख्येत आहे. म्हणजे त्या रात्री कोणी नीट मोजणी केली असेल, तर आपल्या सोसायटीच्या आवारात एक बेघर माणूस निघाला असणार. पुढे सुरक्षेचं काम एजन्सीला दिलं तेव्हा मामा गेले. त्यानंतर ते मला दोनदा स्टेशनच्या पुलावर दिसले. पेटी बरोबर नव्हती.

त्या जनगणनेत देशभरात बेघर निघाले १७ लाख ७३ हजार. त्यातले ९ लाख ३८ हजार शहरांतले. महाराष्ट्रात २ लाख १० हजारांच्या वर आणि एकट्या बृहन्मुंबईत सुमारे ५७ हजार. या क्षेत्रात काम करणारे म्हणतात की हे आकडे खरे असले तरी कमी आहेत, कारण एका रात्रीत ही माणसं सापडत नाहीत. ते पटण्यासारखं आहे. ज्याला पोलीस उठवतात तो दिसणार नाही अशाच जागी झोपतो.

आता सरकारचं उत्तर काय? रात्रनिवारा. सर्वोच्च न्यायालयाने २०१० पासून यात लक्ष घातलं म्हणून ते उत्तर तरी आलं. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात नियम असा होता, की शहराच्या दर एक लाख लोकसंख्येमागे शंभर माणसांसाठी एक निवारा हवा, माणशी किमान ५० चौरस फूट जागा हवी, आणि तो वर्षभर चोवीस तास उघडा हवा. कागदावर नियम चांगला होता. पण आकडेमोड करून बघा. २०११ ला मुंबईची लोकसंख्या १ कोटी २४ लाख. म्हणजे १२४ निवारे, १२,४०० माणसं. सगळे निवारे बांधले, सगळे भरले, तरी ५७ हजारांपैकी साडेचव्वेचाळीस हजार बाहेरच. शिवाय निवारा म्हणजे घर नव्हे. तिथे खाट मिळते, पंखा मिळतो, पण 'माझं' म्हणावं असं कुलूप मिळत नाही. आणि पत्ता मिळत नाही.

पत्त्याबद्दल मला जरा जास्त बोलू द्या, कारण हा माझा धंद्याचा विषय आहे. १९८६-८७ च्या सुमारास मी एका शाखेत काउंटरवर होतो. स्टेशनबाहेर बूटपॉलिश करणारे एक गृहस्थ आले. त्यांना खातं उघडायचं होतं. रोजची कमाई ते एका पानवाल्याकडे ठेवत होते आणि पानवाला एक दिवस गाशा गुंडाळून गेला होता. आमच्या फॉर्मवर दोन रकाने होते. राहण्याचा पत्ता आणि परिचय देणाऱ्या खातेदाराची सही. त्यांच्याकडे दोन्ही नव्हतं. नियम नियमाच्या जागी बरोबर होता, पण पानवाला ज्याला फसवू शकतो त्यालाच बँक दारात घेत नाही, असा त्याचा अर्थ होत होता. शेवटी आमच्या शिपायाने आपली सही दिली आणि पत्त्याच्या जागी स्वतःच्या चाळीतल्या खोलीचा पत्ता लिहायला सांगितला, 'द्वारा' म्हणून. त्या गृहस्थांनी खातं सतरा वर्षं चालवलं. शिपायाला साहेबांनी बोलून घेतलं, ते वेगळं.

आता नियम पुष्कळ सुधारलेत. २०१० च्या अखेरीला लहान खात्याची सोय आली. बँकेच्या अधिकाऱ्यासमोर फोटो आणि सही किंवा अंगठा दिला की खातं निघतं. मर्यादा आहेत. वर्षात एकूण एक लाखापर्यंत जमा, शिल्लक पन्नास हजारांच्या आत, महिन्याला दहा हजारांच्या आत काढता येतात. हे मी तुम्हाला मुद्दाम सांगतो, कारण आपल्या घरी काम करणाऱ्या कोणाला कधी उपयोग होईल. पण खातं निघालं तरी पुढे काय? संजय गांधी निराधार योजनेचे महिन्याला १,५०० रुपये मिळायचे तर महाराष्ट्रात पंधरा वर्षं राहिल्याचा दाखला लागतो. पंधरा वर्षं फुटपाथवर राहिलेल्या माणसाला तो कोण देणार? तो महाराष्ट्रात राहिला यात शंकाच नाही, पण कुठे राहिला ते कागदावर नाही. ज्याच्यासाठी योजना काढली त्याच्यापर्यंतच ती पोचत नाही, ती अशी.

आता परदेशात काय केलं ते बघू. परदेशाचं सगळं चांगलं असं मानणाऱ्यांतला मी नाही, अमेरिकेतली बेघरांची दृश्यं तुमच्यापैकी मुलांकडे जाऊन आलेल्यांनी पाहिलीच आहेत. पण रोग मोठा असतो तिथे औषधाचे प्रयोगही होतात.

तिथे पूर्वी पायऱ्यांची पद्धत होती. रस्त्यावरच्या माणसाने आधी निवाऱ्यात यायचं. तिथे नीट वागला तर उपचार केंद्रात जायचं. दारू सोडली, औषधं नियमित घेतली, तर सामायिक वसतिगृहात. तिथेही नीट राहिला तर शेवटच्या पायरीवर स्वतःचं घर. ऐकायला किती तर्कशुद्ध वाटतं! पण बहुतेक माणसं दुसऱ्या-तिसऱ्या पायरीवरून घसरून पुन्हा रस्त्यावर येत. मला यात आमच्या बँकेची जुनी रीत दिसते. तारण आणा, मग कर्ज देतो. तारण असतं तर तो कर्ज मागायला कशाला आला असता? ज्या माणसाला रात्री झोप नाही, गोळ्या ठेवायला फडताळ नाही, त्याला म्हणायचं, आधी बरा हो, मग घर देतो.

सॅम त्सेम्बेरिस नावाचे मानसशास्त्रज्ञ आहेत. १९९२ मध्ये त्यांनी न्यूयॉर्कमध्ये 'पाथवेज टू हाउसिंग' ही संस्था काढून हा क्रम उलटा केला. आधी घर. तेही वेगळ्या वसाहतीत नाही, शहरात विखुरलेल्या साध्या इमारतींतले भाड्याचे फ्लॅट. घराच्या मोबदल्यात उपचार घ्यायची अट नाही, दारू सोडायची अट नाही. अटी दोनच. उत्पन्नाच्या तीस टक्के रक्कम भाड्यापोटी द्यायची, आणि मदतनीसाला आठवड्यातून एकदा तरी घरी येऊ द्यायचं. सगळ्यांनी त्यांना वेड्यात काढलं. पण २००० साली निकाल छापून आले, त्यात पाच वर्षांनंतर त्यांच्या भाडेकरूंपैकी ८८ टक्के घरात टिकून होते. शहराच्या पायऱ्यांच्या पद्धतीत टिकलेले होते ४७ टक्के. कर्जखात्यांचा असा ८८ टक्के निकाल दाखवणाऱ्या शाखा माझ्या नोकरीत मी फार पाहिल्या नाहीत.

इंग्रजीत या प्रकाराला सपोर्टिव्ह हाउसिंग म्हणतात. मराठीत 'साहाय्यभूत निवास' वगैरे काही होईल, पण तो शासकीय शब्द झाला. मी माझ्यापुरता 'सोबतीचं घर' म्हणतो. घरात एकटी बाई असली की आपण म्हणत नाही का, रात्री सोबतीला कोणीतरी जा? तेवढंच. राहणारा आपल्या घरात राहतो आणि सोबत येते-जाते. ती डोक्यावर बसत नाही.

न्यूयॉर्कमध्येच दुसऱ्याही तऱ्हेचा प्रयोग झाला. टाइम्स स्क्वेअरजवळचं एक मोडकळीला आलेलं हॉटेल रोझॅन हॅगर्टी या बाईंच्या संस्थेने नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला घेतलं आणि त्यात ६५२ खोल्यांची घरं केली. निम्मी कमी पगारावर नोकरी करणाऱ्यांना, निम्मी पूर्वी बेघर असलेल्यांना, समाजसेवक त्याच इमारतीत. हाही चालला. पण मला विखुरलेली पद्धत जास्त बरी वाटते. पाचशे दुःखितांना एका छताखाली आणलं की त्या इमारतीलाच एक नाव पडतं, आणि मग ते नाव तिथे राहणाऱ्या प्रत्येकाला चिकटतं. आमच्या लहानपणी 'ठाण्याला पाठवायला पाहिजे' असं कोणाला म्हटलं की त्याचा अर्थ काय होता, ते इथल्या साठीपुढच्या सगळ्यांना माहीत आहे. त्याच ठाण्यात आपण आज पंचवीस वर्षं मजेत राहतो आहोत.

आता फिनलंड. हा भाग मला सर्वांत आवडला, कारण त्यात सोसायटी आहे. फिनलंडमध्ये आपण फ्लॅट विकत घेतो म्हणजे खरं तर त्या इमारतीच्या गृहनिर्माण कंपनीचे शेअर घेतो, आणि त्या शेअरमुळे ठरावीक फ्लॅट वापरायचा हक्क मिळतो. आपल्या भागदाखल्याचाच चुलतभाऊ म्हणा. तिथे १९८५ मध्ये शहरं, चर्च, रेड क्रॉस अशा मंडळींनी मिळून एक प्रतिष्ठान काढलं, 'वाय फाउंडेशन' या नावाने ते जगभर ओळखलं जातं. त्यांनी काय केलं, तर साध्या मध्यमवर्गीय इमारतींमध्ये इथे एक, तिथे एक असे फ्लॅट विकत घेतले. पैशाचा काही भाग बँकेच्या कर्जातून आला आणि काही भाग जुगाराच्या यंत्रांच्या नफ्यातून, कारण तो नफा लोकोपयोगी कामाला वापरायची तिथे जुनी पद्धत होती. ते फ्लॅट बेघर माणसांना रीतसर करार करून भाड्याने दिले. म्हणजे ही संस्था त्या त्या इमारतीत आपल्यासारखीच एक भागधारक. मेंटेनन्स भरते, सभेची नोटीस तिलाही जाते. आज ती त्या देशातल्या मोठ्या घरमालकांपैकी एक आहे.

२००८ मध्ये तिथल्या सरकारने हेच राष्ट्रीय धोरण केलं आणि सामायिक निवारे हळूहळू बंद करून त्यांची घरं करायला घेतली. हेलसिंकीत साल्व्हेशन आर्मीचा अडीचशे खाटांचा निवारा होता. त्याच इमारतीत ऐंशीच्या आसपास स्वतंत्र घरं झाली, प्रत्येकाला स्वतःचं दार. १९८७ साली त्या छोट्या देशात १८ हजारांच्या वर बेघर होते. २०२२ च्या अखेरीला उरले ३,६८६. अलीकडे २०२४ मध्ये आकडा पुन्हा किंचित वाढलाय, तेही सांगून टाकतो, नाहीतर मी फक्त गोड गोड सांगतो असं व्हायचं.

कडू सांगायचं तर कॅनडाचं बघा. २००९ ते २०१३ या काळात सरकारने ११ कोटी डॉलर खर्चून पाच शहरांत दोन हजारांवर मानसिक आजार असलेल्या बेघरांवर प्रयोग केला. चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडले. एका गटाला आधी घर, दुसऱ्याला नेहमीची मदत. शेवटच्या सहा महिन्यांत पहिल्या गटातले ६२ टक्के लोक सलग घरात होते, दुसऱ्यातले ३१ टक्के. दुप्पट. आणि जे सर्वांत जास्त वेळा इस्पितळात, पोलीस कोठडीत ये-जा करायचे, त्या दहा टक्के लोकांच्या बाबतीत तर खर्चलेल्या दर दहा डॉलरमागे दुसरीकडचे एकवीस डॉलरहून जास्त वाचले. पण घर मिळाल्याने आजाराची लक्षणं किंवा व्यसन मात्र दुसऱ्या गटापेक्षा फारसं जास्त कमी झालं नाही. म्हणजे घर हे औषध नव्हे. घर हे घर आहे. आपल्यापैकी कितीजणांचा मधुमेह स्वतःच्या घरात राहून बरा झालाय? तरी आपण घर सोडत नाही.

कोणी म्हणेल, हे श्रीमंत देशांचं झालं. आपल्याकडे ज्याचं कोणी नाही त्याला निदान एखादा आश्रम तरी मिळतो. खरं आहे, आणि त्या कामाबद्दल माझ्या मनात फार आदर आहे. कर्जतला डॉ. भरत वाटवानी यांची 'श्रद्धा' संस्था रस्त्यावरच्या मनोरुग्णांना आणते, उपचार करते आणि देशाच्या कुठल्याही कोपऱ्यातलं त्यांचं घर शोधून पोचवते. २०१८ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. नगरजवळ डॉ. राजेंद्र आणि डॉ. सुचेता धामणे यांनी 'माउली'मध्ये अशा किती बायकांना आईसारखं सांभाळलं. पण प्रश्न उरतो तो हा, की घर सापडलंच नाही तर? किंवा सापडलं आणि त्यांनी दार उघडलं नाही तर? बऱ्या झालेल्या माणसाने मरेपर्यंत रुग्णालयाच्या वॉर्डात राहायचं का?

चेन्नईच्या 'द बॅन्यन' संस्थेपुढे हाच प्रश्न आला. १९९३ मध्ये दोन तरुण मुलींनी, वंदना गोपीकुमार आणि वैष्णवी जयकुमार यांनी, ती काढली. २०१५ मध्ये त्यांनी 'होम अगेन' सुरू केलं. चार-पाच जणी मिळून साध्या वस्तीतल्या भाड्याच्या घरात राहतात, एखादी मदतनीस सोबत. भाजी स्वतः आणायची, काय शिजवायचं ते स्वतः ठरवायचं, जमेल तिने काम करायचं. टीव्हीवर कुठली मालिका लावायची यावरून भांडायचं सुद्धा. दहा दहा वर्षं वॉर्डात काढलेल्या बाईला आज आमटी करायची की सांबार, हे कोणी विचारलेलंच नसतं. पुढे हे काम दुसऱ्या राज्यांतही गेलं आणि आपल्या रत्नागिरीपर्यंत आलं, जिथे महाराष्ट्रातल्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक आहे.

आणि ही केवळ दयाबुद्धीची गोष्ट राहिलेली नाही. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७. त्याचं कलम १९ प्रत्येक मनोरुग्णाला समाजात राहण्याचा हक्क देतं. केवळ कुटुंब नाही, कुटुंब स्वीकारत नाही किंवा घर नाही, एवढ्याच कारणाने कोणालाही रुग्णालयात ठेवून घेता येत नाही. कायद्याने दार उघडलं. पण समाजात राहायचं म्हणजे कुठे राहायचं? समाज म्हणजे शेवटी कुठली तरी बी विंगच असणार ना?

एक गैरसमज मात्र होऊ देऊ नका. फुटपाथवरचे सगळे मनोरुग्ण असतात असं अजिबात नाही. आपल्याकडचे बहुतेक बेघर कामकरी आहेत. नाक्यावर उभे राहणारे, हातगाडी ओढणारे, लग्नात वाढपी म्हणून जाणारे. १९८५ मध्ये ओल्गा टेलिस खटल्यात सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या घटनापीठाने हेच ओळखलं होतं की माणूस फुटपाथवर राहतो तो कामाच्या जवळ राहावं म्हणून, आणि उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. तरी रीतसर नोटीस देऊन आणि पावसाळा टाळून हटवायला त्यांनी परवानगी दिलीच. त्या निकालाचं पहिलं अर्धं सगळे सांगतात, दुसरं अर्धं कोणी सांगत नाही. असो. या कामकऱ्यांना सोबत नको आहे, परवडणाऱ्या भाड्याची खोली हवी आहे, बस. सोबतीचं घर लागतं ते थोड्यांना. आपल्याकडे येऊ घातलेल्या चौघी त्या थोड्यांमधल्या.

आता आपले प्रश्न. सुरक्षितता. मी संस्थेच्या बाईंना भेटलो, त्यांच्या दुसऱ्या एका घरी जाऊन आलो. तळमजल्याच्या दोन खोल्या, दारात तुळस. चहा दिला. एक बाई पूर्ण वेळ माझ्या चपलांकडे बघत होती, बोलली नाही. शेजारच्या कुटुंबाला मी मुद्दाम बाजूला घेऊन विचारलं. त्यांची तक्रार एकच होती, की पहाटे पाच वाजता उठून या झाडलोट करतात, आवाज येतो. वॉर्डातली सवय. मागे एकदा एकीची तब्येत बिघडून ती रात्री ओरडत होती. मदतनीसाने फोन केला, पाऊण तासात संस्थेची माणसं डॉक्टरांसह आली. आपल्या इमारतीत गेल्या वर्षी ३१ डिसेंबरला जे झालं, तेव्हा पोलिसांना यायला याहून जास्त वेळ लागला होता. आणि ते सगळे तर सभासद होते.

फ्लॅटच्या किमती पडतील का? ज्यांना विकायचा आहे त्यांची काळजी मी समजू शकतो. पण आपल्या किमती अडल्यात त्या दोन गोष्टींवर, अभिहस्तांतरण अजून झालेलं नाही आणि लिफ्ट महिन्यातून चार दिवस बंद असते. या दोन्हींत त्या चौघींचा काही हात नाही.

आता नियम. आदर्श उपविधी क्रमांक ४३ वाचून या. फ्लॅट भाड्याने द्यायला सभासदाला सोसायटीची परवानगी लागत नाही. आठ दिवस आधी कळवायचं आणि कराराची प्रत द्यायची, पोलीस ठाण्याला माहिती द्यायची. करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५. बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपर्यंतच घेता येतं, १ ऑगस्ट २००१ चा शासन आदेश आहे. म्हणून येत्या सभेत 'परवानगी द्यावी की नाही' असा ठराव आणण्यात माझ्या मते अर्थ नाही. सूचनेत तो विषय क्रमांक सात आहे. मी समितीला लेखी विनंती केली आहे की तो काढून त्या जागी 'नवीन रहिवाशांसाठी करावयाची व्यवस्था' असा विषय घ्यावा. उत्तर अजून आलेलं नाही. विषय तसाच राहिला तर मी विरोधात बोलेन आणि विरोधात मत देईन, हे आज सर्वांसमोर सांगून ठेवतो. पुढच्या रविवारी सकाळी दहा वाजता संस्थेच्या बाई ऑफिसमध्ये येणार आहेत. ज्यांना शंका आहेत त्यांनी त्यांनाच विचाराव्यात. ग्रुपवर नको.

(भाषणानंतर दोन प्रश्न आले, तेही संपादकांच्या सांगण्यावरून देतो.)

पहिला, भाडं थकलं तर काय? करार त्या चौघींशी नाही, संस्थेशी आहे. अनामत मालकाकडे राहील आणि मेंटेनन्सची जबाबदारी मालकाचीच. सोसायटीचा एक पैसाही यात अडकत नाही. आपल्याकडे सध्या ज्यांची सर्वांत मोठी थकबाकी आहे ते सभासद स्वतःच्या मालकीच्या घरात राहतात.

दुसरा प्रश्न टपालाचं काम बघणाऱ्या वहिनींनी विचारला. खालच्या पेटीवर नाव कोणाचं लावायचं, कारण आधारचं पत्र, बँकेचं पासबुक आलं तर पोस्टमन नाव नसलं की परत नेतो. मी म्हटलं, मालकांचं नाव राहू दे, त्याखाली चौघींची नावं लावा. त्या म्हणाल्या, आडनावासकट द्या, आमच्या पोस्टमनला आडनाव लागतं. तिघींची आडनावं संस्थेकडून मिळाली आहेत. चौथीला आपलं आडनाव आठवत नाही. तिचं नुसतं नाव लिहायचं ठरलंय, आणि पोस्टमनशी वहिनी बोलणार आहेत.